थंडोबाचं सहावं पातं

लाँचवर त्याला सगळे थंडोबा म्हणत. एक तर आवाज चढवणं त्याच्या स्वभावात नव्हतं, आणि दुसरं म्हणजे जनरेटर थंड ठेवणं हेच त्याचं काम. या काठाची माणसं त्या काठाला नेणाऱ्या त्या लाँचवरचे दिवे, पंखे, पंप सगळं त्या जनरेटरच्या जिवावर. बाहेरचं खारं पाणी आत ओढायचं, कूलरच्या नळ्यांतून फिरवायचं, पुन्हा बाहेर सोडायचं. मामला एवढाच, पण पाणी अडलं की सगळंच अडलं.

गेले काही महिने त्याला नीट दिसत नव्हतं. मोतीबिंदू. त्याने ते कोणालाच सांगितलं नव्हतं, बायकोलासुद्धा. न दिसणाऱ्या मिस्त्रीला कामावर कोण ठेवणार? भीती खरी होती, लपवाछपवी मात्र शुद्ध वेडेपणा.

एका सकाळी जनरेटर तापून बंद पडला. थंडोबाने पाणी ओढणारा पंप उघडला. आतल्या रबरी चाकाची सहाच्या सहा पाती तुटलेली. अशा वेळी नुसतं नवं चाक बसवून मोकळं व्हायचं नसतं. तुटके तुकडे शोधून फडक्यावर जुन्या चाकाभोवती मांडायचे आणि सहाही पाती जुळली तरच झाकण लावायचं, कारण हरवलेला तुकडा पाण्याबरोबर पुढे जाऊन कूलरच्या तोंडाशी बसतो. थंडोबाने तुकडे मांडले, जुळवले, नवं चाक बसवलं. जनरेटर चालू केला, तर पुन्हा तापला. कप्तान खाली आला आणि म्हणाला की दुपारच्या फेरीआधी हे सुधारलं नाही तर दुसरा मिस्त्री बघावा लागेल.

तेवढ्यात बायको डबा घेऊन आली. यंत्रातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. डबा ठेवायला जागा करावी म्हणून ती फडक्यापाशी वाकली आणि थबकली.

"अहो, ही पाच रबरं आहेत. हा सहावा पुठ्ठ्यासारखा तुकडा कशाचा?"

तो झाकणाच्या जुन्या पॅकिंगचा तुकडा होता. बोटांनी चाचपला असता तरी कळलं असतं. पण चाचपायचं म्हणजे दिसत नाही हे कबूल करायचं.

"तुम्हाला हे दिसलं नाही?" तिने कप्तानासमोरच विचारलं.

थंडोबाने हातातला पाना खाली ठेवला. "नाही दिसलं. हल्ली दिसतच नाही."

"तरीच रोज सकाळी मला 'कोण ते?' म्हणून विचारता," कप्तान म्हणाला. मग मात्र तो चांगलाच तापला. वर माणसं भरलेली असतात, असली गोष्ट लपवतात का, असं त्याने सुनावलं. आणि त्याच दमात सांगितलं की लाँच रंगकामाला काठावर चढेल तेव्हा डोळ्याचं ऑपरेशन उरकून घ्या, तोवर झाकण लावण्याआधी खलाशाला दाखवायचं.

कूलर उघडला. बायकोने बॅटरी धरली, आणि धरता धरता लुगड्याला लागलेल्या ग्रीसवरून नवऱ्याचा उद्धारही केला. सहावं पातं नळ्यांच्या तोंडावर आडवं चिकटलं होतं. तिने जागा दाखवली, थंडोबाने चिमट्याने ते ओढून काढलं. जनरेटर सुरू झाला, लाँचच्या बाजूच्या भोकातून पाणी भसाभसा बाहेर पडू लागलं आणि तापमानाचा काटा वर चढला नाही.

थंडोबाने हात पुसले. आभार मानायची त्या घरात सवय नव्हती, त्यामुळे शब्द सापडायला त्याला वेळ लागला.

"घरी विचारलं असतंस तर थाप मारली असती मी," तो म्हणाला. "बरं झालं, इथं विचारलंस."