आधी माणसं

तारापूरला वीजघर बांधत होते त्या दिवसांत भावनगरहून मुंबईला येताना मी पहिल्यांदाच विमानात बसलो. शेजारी चिंचणीचा एक म्हातारा तांडेल, आयुष्यभर होडी चालवलेला. चढल्यापासून बोट हलवत पुटपुटत होता. मला वाटलं, जप चाललाय. वाटेत वादळाने विमान असं हललं की पालघरचं घर पुन्हा दिसेलसं वाटेना. अखेर चाकं टेकली आणि आम्ही टाळ्यांचा कडकडाट केला. तो मात्र मागे वळून पुन्हा बोट हलवू लागला.

"काका, टाळी नाही वाजवत?"

"थांब रे. होडी किनाऱ्याला लागली की आमी आदी माणसं मोजतो." शेवटचं बोट त्याने माझ्या खांद्यावर टेकवलं. "निघताना अडतीस होती. अडतीस हायत."

मग त्याने एकट्यानेच टाळी वाजवली. आमच्या टाळ्या आपापल्या जिवासाठी होत्या. त्याच्या टाळीत मी अडतिसावा होतो.