आहुप्याहून खाली जाणारी वाट

आमच्या गावातला पहिला बी.ए. मी. हे मीच सांगतो, कारण गावच आता राहिलेलं नाही. ठाणे-बेलापूर रस्त्यापासून खाडीकडे उतरलं की आमची घरं आणि घरांच्या मागे मिठागर. नवी मुंबई हा शब्द तेव्हा जन्मालाही आला नव्हता. निकाल लागला तेव्हा लोक कागद बघायला यायचे. एका म्हाताऱ्याने तो उलटा धरला आणि बराच वेळ बघून म्हणाला, "बेस हाय." मला राग आला नाही. त्याने हात धुऊन कागद धरला होता.

त्याच वर्षी भाद्रपदात बाबा कावीळ होऊन गेले. सगळे विधी मी केले. कोणी काय सांगितलं ते केलं, कुठे उभं राहायचं तिथे उभा राहिलो. मला रडू आलं नाही. येईल म्हणून काही दिवस वाट पाहिली, मग वाट पाहणंही थांबलं. नोकरीसाठी चार शाळांना अर्ज टाकले होते, एकाचंही उत्तर नव्हतं. मी ओट्यावर बसून राहायचो.

मिठागरात बाबांचा हिस्सा होता. जमीन मालकाची, पण काही खाचे, म्हणजे मीठ पिकवायचे चौकोन, आमच्या घराने तीन पिढ्या राखलेले, आणि त्यात पिकेल त्या मिठातला वाटा आमचा. दिवाळीनंतर काकाने स्वतःचे खाचे सांभाळून आमचेही कसेबसे चालू केले. पौष लागला तेव्हा मालकाचा कारभारी घरी आला. सगळे त्याला मेहताजी म्हणत. दारातूनच म्हणाला, "शिकला, चांगला झाला. पण पुनवेच्या उधाणाला घरचा माणूस उघाडीवर पाहिजे. काका नाय चालणार, त्याचा त्याला पुरे. नाय आलास तर हिस्सा दुसऱ्याला देणार. मग मला बोल लावू नको."

उघाडी म्हणजे बांधातलं फळ्यांचं दार. मोठ्या भरतीला ते उघडून खाडीचं पाणी आत घ्यायचं, वेळेवर बंद करायचं. चुकलं तर बांध जातो. ज्याचा हिस्सा, त्याच्या घरचा पुरुष तिथे उभा राहणार, ही आमची रीत.

मी म्हटलं, "बघतो."

आईने ते ऐकलं. हिस्सा गेला असता तर तिला दुसऱ्याच्या टोळीत पाटी उचलायला जावं लागलं असतं, हे तिला माहीत होतं आणि मलाही.

त्याच आठवड्यात कॉलेजातल्या आमच्या सरांचं पत्र आलं. सर दरवर्षी सह्याद्रीत लांब चालायला जात. या खेपेला पनवेलहून निघून माथेरान, तिथून भीमाशंकर, मग घाटमाथ्यावरून आहुपे, नाणेघाट आणि हरिश्चंद्रगड, असे दहा दिवस. सरांबरोबर दोघे जुने विद्यार्थी होते. एक वकिली शिकणारा, एक बँकेत लागलेला. त्यांना आम्ही वकील आणि बँकवाला म्हणत असू. पत्राच्या शेवटी सरांनी लिहिलं होतं, "मीठ तू आण. तुझं गावच मिठाचं."

मी आईला वाचून दाखवलं.

"जाऊन ये," ती म्हणाली. "हितं बसून काय करतंस? भिंतीला बघतंस नुसता. पुनवेच्या आदी ये म्हंजे झाला."

मी दिवस मोजले. पंचमीला निघालो तर चतुर्दशीला घरी.

आमच्याकडे खाच्यातलं पहिलं मीठ विकत नाहीत. थोडं देवापुढे ठेवायचं, थोडं प्रत्येक घरी द्यायचं. बाबांच्या खाच्यातलं त्या सालचं पहिलं मीठ मडक्यात होतं. पांढरंशुभ्र, मोठ्या खड्याचं. त्यातलंच अर्धा किलो मी फडक्यात बांधलं. वाण्याचं मीठ घेऊन जायची मला लाज वाटली असती.

पहिले चार दिवस मला नीट आठवत नाहीत. म्हणजे काय काय केलं ते आठवतं. सकाळी उठायचं, तोंड धुवायचं, सॅक भरायची. सॅक मिलिटरीच्या लिलावातली, तिचे पट्टे खांद्यात रुतायचे म्हणून खाली टॉवेल घालायचा. पुढे सर, मागे मी. पन्नास मिनिटं चालायचं, दहा मिनिटं बसायचं. सर घड्याळ बघत. दुपारी गूळ-शेंगदाणे, संध्याकाळी तीन दगडांवर खिचडी. एखाद्या देवळात पथारी. धोदाणीहून माथेरान चढलो, नेरळला उतरलो, खांडसहून भीमाशंकरचा घाट चढलो. वकील सगळीकडे थांबून "वा!" म्हणायचा. मीही बघायचो. डोंगर होते, झाडं होती. दुसऱ्या दिवशी उजव्या टाचेला फोड आला, तिसऱ्या दिवशी फुटला. ते मला मोजा ओला झाला तेव्हा कळलं.

"तुला दुखत नाही का रे?" बँकवाल्याने विचारलं.

"दुखतं."

"मग लंगड की जरा! आम्हाला तरी बरं वाटेल."

पाचव्या दिवशी संध्याकाळी भीमाशंकरच्या पुढच्या रानात मुक्काम केला. सरांच्या खिशातल्या काडेपेटीत दोनच काड्या उरल्या होत्या. दोन्ही वाऱ्याने विझल्या. "नवी काढ," सर मला म्हणाले. कोरडं सामान सगळं एका सॅकमध्ये ठेवायचं ही त्यांची शिस्त, आणि ती सॅक माझ्या पाठीवर होती.

रोज अंधारात मी मीठ-तांदूळ वरच्यावर काढायचो, खाली कधी बघितलं नव्हतं. आता हात घातला तर आत सगळं ओलं. मिठाचं फडकं निथळत होतं. त्याचं पाणी खाली पोह्यांत, तांदळात आणि बारा काडेपेट्यांत उतरलं होतं. काड्यांची डोकी विरघळून कागदाला तांबडा रंग लागला होता.

नवं मीठ पाणी सोडतं. खाच्यातून काढलं की त्याची रास करून ठेवतात, आतलं कडू पाणी निथळून जाऊ देतात, मगच ते घरात येतं. पहिलं मीठ तेवढं निथळायच्या आधीच घरात येतं, म्हणून देवापुढचंही आई परातीत, खाली फडकं घालून ठेवायची. आमच्याकडे हे पाच वर्षांच्या पोराला ठाऊक असतं. मी वसतिगृहात सात वर्षं काढली होती. मला मीठ पांढरं दिसलं, मी बांधलं. त्यात डोंगरातलं दव.

"मिठाच्या गावचा माणूस," वकील म्हणाला, "आणि मीठ ओळखेना!"

"बी.ए.ला हा पेपर नसतो रे," बँकवाला म्हणाला.

"एल.एल.बी.ला काडी न ओढता जाळ करायचा पेपर असेल तर दे आता," मी म्हटलं.

"पुरे," सर म्हणाले. "पुढच्या वेळी डबा आण."

आम्ही ओले पोहे तसेच खाल्ले. खारट आणि कडू. वकिलाला भूक अनावर झाली, त्याने सगळ्यांत जास्त खाल्ले. पहाटेपासून त्याला जुलाब लागले. दुसऱ्या दिवशी त्याची सॅक आम्ही तिघांनी वाटून घेतली आणि त्याला धरून धरून दुपारी आहुप्याला पोचलो.

तिथे कडेच्या घरात एक बाई भात कांडत होती. सरांनी सगळं सांगितलं. तिने वकिलाला ओसरीवर आडवं केलं, त्याला भाताची पेज दिली आणि मग माझं मिठाचं फडकं उचलून बघितलं.

"ह्ये कुणी आणलं?"

"मी."

"पाझारतंय की! असलं आम्ही बैलाला चाटाया देतो." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "कुठला तू?"

"खाडीवरचा. आमचं मिठागर आहे."

"तुझं हाय? आन तुला ठावं न्हाय?" ती इतकी हसली की तिचा नवरा आतून बाहेर आला. "आई हाय का रं तुला?"

"आहे."

"तिला इचारायचं हुतंस."

तिने ते मीठ ठेवून घेतलं आणि बदल्यात तिच्या घरचं थोडं दिलं. बाबांच्या खाच्यातलं पहिलं मीठ त्या घरच्या बैलांपुढे गेलं. मला काहीतरी वाटायला हवं होतं. मी मोजा काढून टाच बघत बसलो.

वकिलासाठी तिथे आणखी एक दिवस थांबलो. दोन दिवस असे गेले. काडेपेटी त्या वाडीत कोणाकडेच नव्हती. विस्तव एका घरातून दुसऱ्या घरात जायचा. निघायच्या सकाळी बाईने खापरात राख, राखेत पेटलेली गवरी आणि वर दुसरं खापर, असं बांधून दिलं.

"वारा लागू देऊ नगंस. इझाया लागली तर नवी गवरी लाव."

तिचा नवरा आम्हाला कड्यापर्यंत सोडायला आला. तिथून दोन वाटा फुटत होत्या. एक माथ्यावरून उत्तरेकडे. दुसरी सरळ खाली कोकणात.

"ही आहुप्याची नाळ," तो म्हणाला. "दुपारपत्तुर खाली उतराल. तिथनं मुरबाडची मोटार भेटती."

त्या दिवशी द्वादशी होती. नाळेने उतरलो असतो तर त्रयोदशीला घरी पोचलो असतो. माथ्यावरून पुढे गेलं तर पौर्णिमा हरिश्चंद्रगडावर, हेही मला तितकंच स्पष्ट दिसत होतं. मी काही भ्रमात नव्हतो.

सर थांबले. "उशीर झालाय आपल्याला. कोणाला घरी काम असेल तर इथून उतरा, मला वाईट वाटणार नाही." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुझ्या घरी काही आहे का?"

"नाही," मी म्हटलं.

एवढंच. नंतर अनेक वर्षं मी स्वतःला सांगत आलो की मी तेव्हा शिक्षक व्हायचं ठरवलं, बांधावरून बाहेर पडायचं ठरवलं. खरं म्हणजे मी काही ठरवलं नाही. बँकवाला वर चालू लागला होता, मी त्याच्या मागे चालू लागलो. माझ्या हातात विस्तव होता.

पुढचे दिवस तो विस्तवच माझं काम झाला. दर विश्रांतीला खापर उघडायचं, फुंकायचं, गवरी बदलायची. बाकीच्यांनी पाळी लावू म्हटलं, मी दिला नाही. वाटेत मिळतील त्या गवऱ्या गोळा करायचो. संध्याकाळी जाळ पेटला की वकील टाळ्या वाजवायचा. तो आता बरा होता आणि पुन्हा "वा!" म्हणायला लागला होता. एकदाही विस्तव विझला नाही. सर म्हणाले, "भरपाई केलीस हं." मी मान हलवली.

पौर्णिमेला आम्ही हरिश्चंद्रगडावर होतो. पुनवेला आमच्या खाडीला भरती बाराच्या सुमाराला पुरी होते. सरांच्या घड्याळात पावणेबारा झाले तेव्हा आम्ही कोकणकड्यावर जेवायला बसलो होतो. खाली सगळं धुरकट होतं. आता फळ्या उचलल्या असतील, मला वाटलं. आता पाणी आत येत असेल. आता थांबलं असेल. खिचडीत मीठ बरोबर पडलं होतं. मी दोनदा वाढून घेतली.

मुरबाड, कल्याण, ठाणे करत मी पौर्णिमेनंतर तिसऱ्या दिवशी गावात शिरलो. घराला कडी होती. मी सॅक ओट्यावर ठेवली, बूट काढून चप्पल घातली आणि मिठागराकडे गेलो. आमच्या खाच्यांत दुसऱ्या आळीतला माणूस फळीने मीठ ओढत होता. त्याने मला बघितलं आणि लगेच मान खाली घातली. आई पलीकडच्या बांधावरून डोक्यावर पाटी घेऊन येत होती. पुढे चार बाया, मागे तीन. तिने राशीवर पाटी ओतली आणि माझ्या पायांकडे बघत माझ्यापाशी आली.

"आलास?"

"हो."

"पाय दाखव."

मी चप्पल काढून टाच दाखवली. तिने वाकून बघितलं.

"सुकलाय," ती म्हणाली. मग पदराने तोंड पुसलं. "मी उबी होती उघाडीवर."

"कधी?"

"कधी म्हंजे? पुनवेला. फली पन मीच उचलली, मीच टाकली. एक थेंब वाया गेला नाय. काकाला विचार. मेहताजी बांधावर बघत उबा होता. मंग म्हनला, काम बेस केलास, पन बाईचा नाव लावता येत नाय."

मी चप्पल परत पायात घातली.

"तुला यायचा नवता तं सांगायचा होता," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "मी तुझी पन भाकर बांदून नेलती. भरती उतरंपरेंत ठेवली."

मागच्या बायांनी हाक मारली. तिने पाटी उचलली. मी ती धरायला हात पुढे केला.

"सोड," ती म्हणाली. "बी.ए. झालास ना? मंग अर्ज लिव जा."

मी घरी गेलो आणि अर्ज लिहिले. जूनमध्ये पनवेलच्या एका शाळेत लागलो आणि तीस वर्षं शिकवलं. मला त्याचा अभिमान आहे, तो मी लपवत नाही. आई पुढचे चार हंगाम पाटी उचलत होती. पहिल्या पगारापासून मी तिला रोज सांगत होतो की आता जाऊ नकोस. ती भाकरी बांधता बांधता ऐकून घ्यायची, आणि जायची.