शालनच्या बारा घंटा

साठ-बासष्ट साल असेल. लोणावळ्याच्या टेलिफोन एक्स्चेंजात टाकव्याची शालन बोर्डावर बसली की भल्याभल्यांची बोलती बंद व्हायची. पलीकडचा फोन वाजू लागला की ती बारा घंटा मोजायची. तेवढ्यात कुणी उचलला नाही, तर प्लग उपसून लाइन मोकळी. पुन्हा बोलायचंय? मग रांगेच्या शेवटी जा! हा नियम तिचा तिनेच केलेला.

एकदा एक बंगलेवाले शेठ तिच्यावर डाफरले, "उचलतील हो, वाजवत राहा."

"न उचलणाऱ्या एकासाठी मी बाकीच्यांना ताटकळत ठेवणार नाही," शालन म्हणाली.

पोरगी फटकळ खरी, पण ती कामावर असताना लाइन कधी तुंबली नाही.

त्या दिवशी सोमाटण्यापाशी तार तुटली आणि पुण्याची एकच लाइन उरली. नेमकं त्याच दिवशी शालनच्या आईचं, झुंबरबाईंचं, पुण्यात पोटाचं ऑपरेशन होतं. सोबत धाकटा भाऊ हनुमंत. दुपार कलली तरी त्याचा निरोप नाही. तिने इतरांसारखा स्वतःचाही नंबर लावला, आणि पाळी आल्यावर दवाखान्याच्या वॉर्डात फोन जोडला.

घंटा वाजत राहिली. कुणी उचलेना. नऊ, दहा...

तिच्यामागे नंबर होता तिकोणा पेठेच्या रखमाजी आबांचा. फोन करायला ते एक्स्चेंजातच आले होते; खिडकीतून त्यांना तिचा पांढराफटक चेहरा दिसत होता. ते म्हणाले, "वाजव की पोरी अजून. माजं काय, मी थांबतो. आईपरीस मोटं काय हाय?"

मोह कुणाला होत नाही? शालनचा हात प्लगवरच थिजला. आता सोडलं तर पुन्हा पाळी कधी यायची! पण बारावी घंटा झाली आणि तिने प्लग उपसला. उपसताना तिला आईला सोडून दिल्यासारखं वाटलं.

ती आबांचा नंबर फिरवणार, तोच बोर्डावर पुण्याचा दिवा लागला.

"लोणावळा? अगं, किती वेळ मागतेय, तुमची लाइन मोकळीच मिळेना!" पुण्याची ऑपरेटर करवादली. "घे, दवाखान्याच्या ऑफिसातून बोलतायत."

"आक्के," हनुमंताचा आवाज आला, "आई सुद्धीवर आली गं. तुलाच हाका मारतीया."

शालनला रडूच फुटलं. मागे कुणी पाहतंय याचीही तिला पर्वा राहिली नाही. "तिला म्हनावं, उद्या सकाळच्याला येते," एवढंच तिला जमलं. मग तिने नाक पुसलं आणि प्लग काढला.

"आबा, या," ती म्हणाली, "तुमचं पुणं लावते."