अधिक श्रावणातली गुढी

आक्का गेल्याचा निरोप घेऊन तिच्या शेजारचा गडी पहिल्या नावेनं आला, तेव्हा मी गोदावरीच्या घाटावर तोंड धूत होतो. "पहाटं गेल्या वैनी," एवढंच म्हणाला आणि पायरीवर बसला. मी तसाच त्या नावेत चढलो. नाव पलीकडं लागेपर्यंत माझी नजर हलली नाही... दरडीवरचं तिचं घर, आणि दारापुढची ती जागा, जिथं तिनं एकदा काठी उभी केली होती. याला आता महिना होऊन गेला. रोज सकाळी घाटावर जातो आणि तिकडंच पाहतो.

आमचं गाव नेवासा तालुक्यात, नदीच्या अलीकडं. आक्का माझी थोरली बहीण. तिला पलीकडं दिली होती. पलीकडं निजामाचं राज्य, आम्ही त्याला मोगलाई म्हणायचो. तिच्या चुलीचा धूर आमच्या घाटावरून दिसे, पण मध्ये जकातीचा नाका होता, तिकडचं नाणं वेगळं, कचेरीतली भाषा वेगळी. लग्नकार्यं, जत्रा, सोयरीक यांत हे कधी फारसं आड आलं नाही. आड आलं ते सत्तेचाळीस साली. इंग्रज जाणार होता, पण स्वातंत्र्य येणार होतं ते नदीच्या आमच्याच काठापर्यंत.

त्या वर्षी श्रावण अधिक आला होता. अधिकात जावयाला तेहतीस अनारशांचं वाण द्यायची रीत. वडील गेल्यापासून ते मीच नेत असे. आषाढात आक्का माहेरी आली होती, ती परत जाताना मला बाजूला घेऊन म्हणाली, "नाना, वाण आणशील तेव्हा अनारशांखाली एक झेंडा घडी करून आण. त्या दिवशी दाराला लावायचाय."

"नाक्यावर झडती होते, आक्का."

"अनारसे कोण उपसतंय?"

"आणि ते परकं राज्य आहे. तिथला कायदा आपण मोडायचा नाही."

ती मोठ्यानं हसली. "म्हंजी मी परदेशात राहते व्हय रे? मग विलायतेहून आल्यागत माझी उठबस करत जा की!"

मी पेढीवर हिशेब लिहिणारा माणूस. त्या नाक्यावरून मी कधी पावशेर गूळही लपवून नेला नव्हता, आणि याचा मला अभिमान होता. वाण घेऊन गेलो तेव्हा नाक्यावरच्या कारकुनानं परातीवरचं फडकं उचललं. "तेहतीसच? आणि आमचा वाटा?" मी म्हणालो, "साहेब, एक दिला तर बत्तीस होतील." तो हसला, फडकं पुन्हा टाकलं, म्हणाला जा. खाली हातही घातला नाही. झेंडा असता तर गेला असता... हे मला तिथंच कळलं आणि मी पुढं चालू लागलो.

आक्कानं परात घेतली, अनारशांखाली बोटांनी चाचपलं, आणि बाजूला ठेवली. वाणाबरोबर तांब्याचा एक नवा गडू नेला होता. तो मात्र तिनं उचलला, उलटा करून पाहिला. "हा चालंल," म्हणाली. कशाला चालेल, हे मला तेव्हा उमगलं नाही.

पंधरा ऑगस्टला आमच्याकडं घाटावर झेंडावंदन झालं. सगळा गाव जमला होता. गूळ वाटून होतोय तोच कोणी ओरडलं, "अरं, पल्याड ते काय चमाकतंय?" ढगांतून ऊन पडलं होतं. दरडीवर उंच काठी, तिला हिरवा खण, आणि वर उलटा घातलेला गडू... गुढी! लोकांना हसू आवरेना. "श्रावनात गुढी? त्यात अधिक, त्यात आमुशा उद्यावर!" "मोगलाईत पंचांग उशिरा पोचतं वाटतं!" शेजारी उभ्या असलेल्या मास्तरांनी मला विचारलं, "कोणाची हो ती?" गडू मी ओळखला होता. घर तर माझ्या बहिणीचंच. पण चारचौघं हसत होते. मी म्हणालो, "इथून नीट दिसत नाही." आणि मीही हसलो.

भाऊबीजेला तिच्याकडं गेलो. निरांजनाचं तबक माझ्या तोंडासमोर धरून तिनं विचारलं, "दिसली का रे माझी गुढी?"

"दिसली."

"मग? लोक काय म्हनले?"

"कोणाची म्हणून विचारत होते."

"आन् तू काय सांगितलंस?"

तिच्यासमोर खोटं बोलणं जमेना. जे झालं ते सगळं सांगितलं. तबक क्षणभर थांबलं. मग तिनं नेहमीसारखं मला ओवाळलं. "बरं केलंस," म्हणाली. "नाव घेतलं असतंस तर इकडं पोचलं असतं. दाजींना चावडीवर बसवून ठेवलं असतं." माझ्या मनात तेव्हा दाजींचा विचार नव्हता, हे तिलाही माहीत होतं. माझा भित्रेपणा तिनं शहाणपणाच्या नावावर टाकला. ती रागावली असती तर बरं झालं असतं, असं अजून वाटतं.

पुढच्या वर्षी दोन्ही राज्यांतला तंटा वाढला आणि नाव बंद झाली. पंधरा ऑगस्टला मी घाटावर उभा राहिलो. पलीकडं काठी नव्हती, धूरही नव्हता. ती माणसं आहेत की नाहीत, हेही कळायला मार्ग नव्हता. महिन्याभरानं निजामाचं राज्य गेलं आणि मी नावेनं तिकडं गेलो, तर आक्का अंगणात शेंगा फोडत बसलेली. "आलास? आता मी तुमच्यातली झाले," म्हणाली.

यंदा पंधरा ऑगस्टला मी खादीचा मोठा झेंडा घेऊन गेलो, खांद्यावर टाकून, उघडा. नाक्याच्या खोलीत कोणाच्या तरी शेळ्या बांधलेल्या होत्या. आक्का तापानं अंथरुणावर होती. दाजींनी झेंडा उभारला, तिनं पडल्या पडल्या पाहिला. "लई झोकात आहे," म्हणाली. मग माझ्याकडं वळून, "पन नाना, आज समद्यांच्या दारात हाच. आता कोनी विचारनार न्हाई रे, कोनाचा म्हनून."

मी तिच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. दिवाळीपर्यंतही ती राहिली नाही.

दिवसकार्य आटोपून निघताना दाजींनी तो गडू माझ्या हातात ठेवला. काठीच्या टोकाची गोल खूण त्याच्या बुडाला आतून पडलेली आहे. चिंचेनं घासला तरी जात नाही. आता त्यातच मी पाणी पितो. पेढीवर नेतो, गाडीतळावर नेतो. कोणी विचारत नाही, गडूच तो... पण समोरचा माणूस बसला की मीच सांगतो, हा माझ्या बहिणीचा, पलीकडं त्या दरडीवर घर होतं ना, तिचा.