पाकातला तराजू

पोस्टाचा तराजू पोह्यांच्या दुकानात मी विसरलो होतो, बापूकाका नव्हे. आजही सकाळी जलेबीचा वास आला की मी हातातली प्लेट खाली ठेवतो.

गिरणी बंद पडून आमच्या मोहल्ल्यातले बापूकाका घरी बसले होते. त्याच सुमारास मल्हारगंजातल्या आमच्या पोस्टाला घरमालकानं जागा सोडायला सांगितली. काकांनी आपली पुढची खोली भाड्यानं देऊ केली आणि सगळा मोहल्ला हातगाडीवर पोस्ट लादून निघाला. पार्सलं तोलायचा तराजू माझ्याकडे होता. वाटेत वर शेव घातलेले गरम पोहे दिसले. मी तराजू खाली ठेवला, दोन प्लेट खाल्ल्या आणि मोकळ्या हातांनी पुढे गेलो.

जागा तपासायला आलेल्या साहेबांनी विचारलं, "तराजू किधर है?"

मी भिंतीकडे बघू लागलो. साहेबांनी नाही म्हटलं असतं तर काकांचं भाडं गेलं असतं. तरी काकाच म्हणाले, "मेरे से छूट गया, साहबजी."

तेवढ्यात पोह्यांच्या दुकानातला हलवाई तराजू घेऊन धावत आला. "माफ करना, इसपे जलेबी तोल दी!"

साहेबांनी पारड्यात पार्सल ठेवलं. उचललं तर पारडंही चिकटून वर आलं. साहेब हसत खुर्चीत बसले आणि जागा पास झाली.

काकांना मात्र लोक कायमचे 'जलेबीवाले पोस्टमास्टर' म्हणू लागले. मीसुद्धा.

परवा त्यांच्याकडे जाऊन सगळं सांगितलं. ते म्हणाले, "अरे भिया, मला तेव्हाच कळलं होतं. तुझ्या मिशीला शेव होती."

मिशीवरून हात फिरवत मी म्हणालो, "चुकलो, काका."