सरावापुरती गोलकीपर

बाहेर डांबर वितळायच्या बेतात असताना शबनम परकार लोकरीची टोपी घालून लिफ्टमध्ये शिरायची. पाठीवर तिच्याएवढीच बॅग. त्या बॅगेच्या वासाने शारजातल्या, अल नहदाच्या आमच्या इमारतीतली माणसं पुढच्या लिफ्टची वाट बघत. मी आणि माझी लेक पहिल्याच दिवशी तिच्यासोबत अडकलो. "सॉरी हां आंटी," ती म्हणाली, "घामाचा वास आहे, पण हलालचा घाम आहे." लेक पुटपुटली, "मम्मा, शी इज क्रेझी." महिन्याभरात तीच लेक तिच्याकडे स्केटिंग शिकायला लागली, आणि त्यांना बर्फाच्या रिंकवर नेणं-आणणं माझ्याकडे आलं.

घराणं रत्नागिरीचं, जन्म शारजाचा. वडील, परकारभाई, एका कंपनीत स्टोअरकीपर. पोरीनं लहानपणी मॉलमध्ये बर्फ पाहिला आणि ती आईस हॉकीची गोलकीपर होऊन बसली. का, तर म्हणे, "बाकीच्यांना पळायला लागतं आंटी, मी आळशी." साफ खोटं. पक म्हणजे ती रबरी चकती लागून तिचे दंड कायम काळेनिळे असायचे. गोल झाला की तोंडावर पाणी मारायची आणि म्हणायची, "मागे वळून बघायचं नाही. जाळं कुठे पळून जात नाही."

तिला एकच गोष्ट हवी होती. छातीवर देशाचं नाव लावून एक तरी सामना खेळायचा. भारतीय संघाच्या शिबिराचं बोलावणं एकदा आलंही होतं, लडाखहून. परकारभाईंनी मोडता घातला. "तिकडे तुला कोण ओळखतं? आपलं सगळं इथे. इथल्या संघाचा मॅनेजर बोलला ना, इथल्या पासपोर्टचं बघतो म्हणून?" हा खास आम्हा आखातातल्या माणसांचा वेडेपणा. दर दोन-तीन वर्षांनी व्हिसा नवा करून घ्यायचा आणि मधल्या काळात इथलेच असल्यासारखे सोफे घ्यायचे. शबनमलाही वडिलांचं पटलं. रत्नागिरी तिनं सुट्टीपुरतीच पाहिली होती.

अमिराती मुलींचा संघ आमच्याच रिंकवर सराव करायचा. त्यांच्याकडे गोलकीपर नव्हती, म्हणून सरावाला शबनम उभी राहायची. सामन्यात तिला जागा नाही, कारण पासपोर्ट भारताचा. मग आमना आली. अमिराती पोर, पक आला की डोळे मिटणारी. मॅनेजर म्हणाला, हिला तयार कर. मी गाडीत भडकले, "अगं, स्वतःच्या पायावर धोंडा काय मारून घेतेस?"

"अर्धवट शिकवलं तर पोरीचे दात जातील, आंटी," ती म्हणाली. इतकी सरळ! त्या सरळपणाचा मला तेव्हा राग यायचा, आजही येतो.

दोन वर्षांनी एका पाहुण्या संघाविरुद्ध आमना भिंतीसारखी उभी राहिली आणि अमिराती मुली जिंकल्या. फोटोसाठी सगळ्या बर्फावर जमल्या. आमनानं हाक मारली, "कोच, यल्ला, कम!" शबनम पुढे गेलीही. तेवढ्यात मॅनेजरनं तिच्या हातात आपला फोन ठेवला. "हबीबती, ओन्ली टीम. तू फोटो काढ." त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, त्याच्या मनात ती नव्हतीच. तिनं फोटो काढला आणि चांगला काढला. गाडीत बसल्यावर म्हणाली, "आंटी, एसी जोरात करा," आणि त्या आवाजाच्या आडोशाला नहदापर्यंत रडत राहिली.

पुढच्या वर्षी परकारभाईंची कंपनी खलास झाली. लग्न न झालेल्या मुलीचा व्हिसा बापाच्या व्हिसावर. बापाचा गेला, हिचाही गेला. गोलकीपरचे पॅड विमानातून नेणं महाग पडत होतं, ते तिनं आमनाला देऊन टाकले. तिच्या जन्मगावानं तिला विमानतळापर्यंत सोडायलाही कोणी पाठवलं नाही. मी गेले होते, पण मी कोण? मीही व्हिसावरचीच.

गावी गेल्यावर तिनं लडाखला स्वतःहून फोन केला. आता आमच्याकडे कोवळ्या वयाच्या तयार गोलकीपर आहेत, असं उत्तर आलं.

परवा मी फोन केला तेव्हा ती बंदरावर होती. परकारभाईंनी मासळीचा धंदा सुरू केलाय, हिशेब ती बघते. मी विचारलं, "खेळतेस का गं कुठे? बर्फ मिळतो का?"

"मिळतो ना," ती म्हणाली, "रोज ट्रक भरून येतो, आंटी. आम्ही तो फोडतो आणि माशांवर टाकतो."