एलिझाबेथबाईंची नकाशांची वही

एलिझाबेथबाई चिडल्या की आवाज चढवत नसत. पेन्सिलीला टोक करायला घेत. बहात्तरच्या दुष्काळात शेवगाव तालुक्यातल्या एका बांधकाम कचेरीत त्या ट्रेसर, म्हणजे पारदर्शक कागदावर नकाशे उतरवून काढणाऱ्या, होत्या, आणि त्या वर्षी त्यांच्या पेन्सिली फार लवकर संपल्या.

तलावांची कामं भराभर मंजूर होत होती. आज काढलेला नकाशा आठवड्यात बदलायचा, आणि एकाच तलावाचे तीन नकाशे तीन जणांच्या पिशव्यांत फिरायचे. त्यातला खरा कोणता, कुणालाच सांगता येईना. तेव्हा बाईंनी स्वतःच एक वही आखली. प्रत्येक नकाशाला नंबर. बदल झाला की त्यापुढे अ, ब, क. बदल कुणी सांगितला, कधी, कशासाठी, ते एका ओळीत. मूळ ट्रेसिंग कपाटाबाहेर जायचं नाही. जुनी प्रत परत आल्याशिवाय नवी मिळायची नाही. आलेल्या प्रतीवर ‘रद्द’चा आडवा शिक्का. चुकलेली नोंद खोडायची नाही, खाली नवी लिहायची.

“बाई, नकाशा म्हणजे काय रेशनची साखर आहे?” ओव्हरसियर राधाकृष्ण हसायचे.

“साखर जास्त गेली तर चहा गोड होतो, रावसाहेब. नकाशा चुकीचा गेला तर पाणी गावात शिरतं.”

माळावरच्या एका तलावाचा सांडवा, म्हणजे जादा पाणी बाहेर सोडायची वाट, आधी डाव्या अंगाला दाखवला होता. तिथली माती ठिसूळ निघाली म्हणून तो उजवीकडच्या खडकावर हलवला. बाईंनी ‘ब’ नकाशा तयार केला. राधाकृष्ण तो न्यायला आले ते रिकाम्या हाताने.

“जुना हरवला.”

“मग तसं वहीत लिहा.”

कुरकुरत त्यांनी लिहिलं, सही केली आणि ‘ब’ घेऊन गेले.

हरवला नव्हताच. जुन्यावर त्यांच्या हातच्या खुणा होत्या, तोच सवयीचा. नव्याची गुंडाळी त्यांनी उलगडलीसुद्धा नाही. तीन आठवडे नव्वद माणसं डावीकडे खणत राहिली. मग डेप्युटी साहेब पाहणीला आले आणि बोंब झाली. कामावर राधाकृष्णांनी मजुरांवर ढकललं. कचेरीत येऊन सांगितलं, बाईंनी मला जुनाच नकाशा दिला.

दुसऱ्या दिवशी मजुरांच्या टोळीची मुकादम कडूबाई चालत कचेरीत आली.

“बाई, आमी काय मनानं खनलं का? रावसाहेबांनी चुन्यानं आखलं तितंच खनलं. आता म्हनत्यात, बायांना डावं-उजवं कळत न्हाई.”

बाईंनी तिला पाणी दिलं, बसवलं. तेवढ्यात राधाकृष्ण टेबलाशी आले आणि हळूच म्हणाले, “तेवढं पान नव्याने लिहा. आपसातलं आहे.” मागून डेप्युटी साहेबही म्हणाले, “एक पान तर आहे, बाई. कशाला वाढवता?”

बाईंच्या कानशिलांत जाळ उठला. तरी आवाज खालीच होता.

“एक पान फाडलं की सगळी वही खोटी, साहेब. मग उद्या माझा कुठलाच नकाशा खरा मानू नका. आणि ही नव्वद माणसं? भर उन्हात तुमच्या चुन्यावर कुदळ मारली त्यांनी. त्यांना सही येत नाही, म्हणून चूक त्यांच्या नावावर?”

चौकशीला वरचे साहेब आले तेव्हा बाईंनी ते पान त्यांच्यापुढे उघडून ठेवलं. सही पाहून राधाकृष्ण म्हणाले, जुना खरंच हरवला होता. कडूबाई दारातूनच बोलली, “कालपत्तुर तर त्यांच्या पिशवीत हुता!” पिशवी उघडली. नकाशा निघाला, शिक्क्याशिवाय, त्यांच्याच हातच्या खुणांसकट.

सांडवा उजवीकडे झाला. मजुरांवरचा ठपका गेला. राधाकृष्णांना समजपत्र मिळालं, खुर्ची मात्र तीच राहिली. बदली झाली ती बाईंची, थेट जामखेडला, ‘कामाच्या सोयीसाठी’. कुणाच्या सोयीसाठी, हे त्यांनी तीन अर्ज करून विचारलं. एकाचंही उत्तर आलं नाही.

पुढच्या पावसाळ्यात तलाव भरला. जादा पाणी खडकावरून नीट निघून गेलं. डावीकडची बुजवलेली माती मात्र खचली. तलावावर नारळ फुटला तेव्हा हार राधाकृष्णांच्या गळ्यात पडला, आणि मजुरांना पार मागे बसवलं. हे सांगायला कडूबाई मुद्दाम एसटीने जामखेडला आली. बाईंनी तिला भाकरी-पिठलं करून वाढलं आणि परतीच्या गाडीत बसवेपर्यंत त्या एकसारख्या संतापून बोलत होत्या.